ढब्बूची दहा हजार पावलं

"पट्टा सांगतोय, रोज दहा हजार पावलं. मग वजन का उतरत नाही?" डॉक्टर चक्रावले. महिन्यापूर्वी त्यांनीच या लठ्ठ पग कुत्र्याच्या गळ्यात पावलं मोजणारा पट्टा घातला होता. वजनकाट्यावर पसरलेल्या ढब्बूने जांभई दिली.

"मी स्वतः नेतो त्याला. सकाळ-संध्याकाळ, पार टेकडीपर्यंत," दिगंबरराव घसरणारी पँट वर ओढत म्हणाले.

"आणि तो चालतो?"

"छे हो! कोपऱ्यावरच बसकण मारतो. मग घेतो कडेवर. तुम्ही सांगितलंत ना, फिरणं चुकवायचं नाही?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि ते पट्टा सोडू लागले. तेवढ्यात दिगंबररावांची बायको बाकावरून ताडकन उठली.

"पट्टा राहू द्या, डॉक्टर! ढब्बूचं नंतर बघू. वीस वर्षांत पहिल्यांदा यांची शुगर आटोक्यात आलीय!"