मोहफुलांच्या दिवसांत

चिचगडच्या जंगलात मोहफुलं वेचताना वाघानं प्रफुल्लला मारलं, त्याला वर्ष झालं. त्या सकाळीही त्याची आई अन्नपूर्णा आणि बायको खुशबू यांनी येशूजवळ त्याची रखवाली मागितली होती. तेव्हापासून खुशबूनं प्रार्थना सोडली होती. यंदा फुलं पडू लागली, तशा दोघी टोपल्या घेऊन, तो मारला गेला त्याच झाडाखाली आल्या. वेचण्याआधी सासूनं हात जोडले, तेव्हा खुशबूला राहवलं नाही. “आई, देवानं आपलं आयकलं नाही. मंग काऊन भरोसा ठेवून राहिल्या?” अन्नपूर्णानं जोडलेले हात खाली घेतले. “काऊन आयकलं नाही, मलेबी समजत नाही. पण त्याचाबी पोरगा त्याच्या डोळ्यासमोर मेला, आपल्यासाठी. मंग त्याले मेल्यातून उठवलं. माह्या पोरालेबी तो उठवीन.” खुशबू तिच्याजवळ बसली. हात जोडले, पण शब्द फुटेना. नुसतं रडूच आलं. ते थांबल्यावर सासूनं ‘आमेन’ म्हटलं.