नमनापासून साक्ष

पश्चिम बंगालातल्या मालद्याचा टाइलमिस्त्री रफिकुल बंगाली बोलतो म्हणून परदेशी ठरला आणि सकाळपासून भिलाईतल्या एका ठाण्यात बसून होता. संध्याकाळच्या गाडीनं त्याला सीमेवर धाडणार होते. फी न घेता असे खटले लढणाऱ्या उत्कर्षाताईंनी त्याचे सगळे कागद दाखवले, तरी ठाणेदार म्हणाले, "कोई लोकल आदमी बोले कि इसको जानता है, तब छोड़ेंगे."

ताईंनी जवळच्याच जुनवानीहून कीर्तनकार भैय्याजींना आणलं.

"भैय्याजी, ओळखतो म्हणा अन् गप बसा. कीर्तन नका करू."

"मी कावून करीन, बेटा?"

"कबसे जानते हो?" ठाणेदारांनी विचारलं.

भैय्याजींनी डोळे मिटले आणि थेट नमनापासून सुरुवात केली. रफिकुलनं जुनवानीच्या मंदिराची फरशी बसवली, तिथवर ते गात गात पोचले तेव्हा अख्खं ठाणं टाळ्यांनी ताल धरून होतं. ठाणेदारांनी मान डोलावतच सुटकेच्या कागदावर सही केली.

"चल पटकन, साहेबाचं मन बदलायच्या आत!" ताईंनी रफिकुलचा हात ओढला. तो मांडी मोडेना.


"थांबा ना ताई. आरती व्हायची आहे अजून. मधातून उठलं तं भैय्याजी लय रागावते."