खारातली काकडी

आतल्या खोलीतून कुरुम कुरुम आवाज आला आणि शबनमच्या हातातली पळी थांबली. सासरे जेवत होते. जेवत म्हणजे काय, काकडी चावत होते.

कडक औषधांनी लालासाबांची अन्नावरची वासनाच उडाली होती. थोरल्या सुनेनं, शबनमनं, जीव ओतून केलेला पांढरा रस्सा वाटी भरून जायचा आणि तसाच परत यायचा. धाकट्या नुजहतनं मिठाच्या पाण्यात मोहरी, लसूण, शेपू घालून मुरवलेली काकडी मात्र ते मागून घ्यायचे.

या रश्श्यासाठी गारगोटीचे पाहुणे शाहूपुरीतल्या या घरी मुक्काम वाढवायचे. आता घरभर काकडीचंच कौतुक. शबनमचा स्वतःचा नवरा ती भाकरीत गुंडाळून डब्याला न्यायचा. नणंद दह्यात कालवायची. उरलेलं खारं पाणी नुजहत बटाट्याच्या भाजीत घालायची आणि सगळे बोटं चाटायचे. "तेल नाही, पोटाला हलकी, पचायला बरी," असं ती सांगू लागली की शबनमच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आज तिला राहवलं नाही. ती बरणी घेऊन थेट सासऱ्यांच्या कॉटपाशी गेली. एवढं मीठ बीपीच्या माणसाला विष आहे, असं तिनं सगळ्यांदेखत सुनावलं. नुजहत हळूच म्हणाली की डॉक्टरांना विचारलंय, दोनच फोडी देते, त्याही साध्या पाण्यातून धुऊन. शबनमनं ऐकून घेतलं नाही. तिनं बरणी मोरीत पालथी केली. नुजहत डोळे पुसत गच्चीवर निघून गेली.

शबनम रश्श्याची वाटी घेऊन आली, तेव्हा लालासाबांनी तिला शेजारी बसवलं.

"त्या पोरीला परत काकड्या घालाय सांग. माझी जीभ मेलीया. काकडीची चव बी कळत न्हाय. नुसती दाताखाली वाजती, तेवढंच जेवल्यागत वाटतंय."

"मग माझ्या रश्श्यानं काय घोडं मारलंय, अब्बा?"

म्हाताऱ्यानं वाटीतल्या वाफेकडं पाहिलं.

"औषधं सुरू झाल्यावर एकदा पिलो. राखेगत लागला. तुझ्या रश्श्याची खरी चव अजून ध्यानात हाय माझ्या. ती पुसाय नको, म्हणून शिवत न्हाय."