देवाची टोपली

पाळकांनी टोपलीवरचं फडकं उचललं आणि त्यांचं गाणंच अडलं.

सुगीच्या उपासनेचा दिवस होता. मलावीतल्या त्या खेड्यात चर्चचे पाळक म्सिस्का प्रवचन सांगत नसत, गात. ते एक ओळ सोडत आणि सगळी मंडळी ती उचलून धरी. आज तर ढोलही रंगात आले होते. अशा भरात नाफिरी आजीची टोपली उघडली, आणि आत काय? सुरकुतलेले, काळपट, हिरवी बुरशी धरलेले भुईमुगाचे दाणे!

घाईत आजीच्या डोक्यावर दुसरीच टोपली आली होती.

शेंगा फोडल्या की त्या गावात घरोघर दाण्यांचे तीन वाटे पडत. टपोरे गुलाबी दाणे व्यापाऱ्याचे. ते समुद्रापलीकडच्या पोरांच्या खाऊत जायचे, म्हणून एक काळा दाणा दिसला तरी तो पोतं परत करी. त्यातलीच निवडक एक टोपली देवाची. उरलासुरला गाळ भाजायचा, कुटायचा आणि घरच्या पोरांच्या लापशीत घालायचा.

सून तियामिके कधीची मागे लागली होती. "आई, दवाखान्यातल्या बाई सांगत होत्या, बुरशीनं पोरांची वाढ खुंटते. आपली लोंजेझो बघा ना, बरोबरीची पोरं केवढाली झाली! देवाच्या टोपलीतले थोडे हिला घालू या?"

"देवाच्या तोंडचं काढतेस?" आजीनं उडवून लावलं होतं. "अगं, भाजलं की जातो वास."

आता पाळकांनी वाकून हळूच विचारलं, "आजी, हे काय?"

"चुकलं हो! ही देवाची नव्हे. ही नातीच्या लापशीची."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. पाळकही हसले. "असू द्या. देव काही नावं ठेवत नाही. माझी कोंबडी परवाच पिल्लं घेऊन उठलीय, तिला घालतो."

"पिल्लांना?" आजी ओरडलीच. "डोकं ठिकाणावर आहे ना, पाळकसाहेब? मरतील की! गेल्या साली माझ्या कोंबडीची अख्खी वीण असल्याच दाण्यांनी गेली!"

मंडळी खो खो हसली. मग ते हसू आपोआप ओसरलं. बाया मांडीवरच्या पोरांकडे बघू लागल्या. तियामिकेच्या पाठीशी बांधलेली लोंजेझो मात्र आजीकडे बघून मजेत हात हलवत होती.

आजीनं नातीकडे पाहिलं, मग टोपलीकडे. आणि पुढे होऊन तिनं टोपली काखेत मारली.

"ही मी खड्ड्यात पुरते."

"आणि देवाची टोपली?"

"ती आहे घरी. पण आता देवाला मिळायची नाही." आजीनं लोंजेझोचा गाल कुस्करला. "आजपासून ती हिच्या लापशीत."

पाळकांनी ढोलवाल्याला खूण केली, दोन्ही हात वर केले आणि अडलेल्या सुरातच गायले, "मग पोचली म्हणायची!"