अठ्ठावन्न किलो

टेलरकाकांचं घर चौथ्या मजल्यावर, तेही बिनलिफ्टचं. अंथरुणाला खिळलेल्या काकूंना एकदाच खालच्या बाकावर उन्हात बसायचं होतं. शेजारी मदतीला तयार होते, पण काकू म्हणाल्या, "चार जणांनी उचलून न्यायचं ते शेवटी आहेच. आत्ता न्यायचं तर तुम्हीच न्या."

काकांचा जन्म शिलाई मशीनवर बसून गेलेला. नुसतं दोन मजले चढलं तरी धाप लागायची. "या वयात कसलं जमतंय मला!" असं पुटपुटतच त्यांनी पिशवीत दहा किलो वाळू भरली आणि जिना चढायला-उतरायला सुरुवात केली. रोज सकाळी, एका दिवसाचाही खाडा नाही. दर आठवड्याला वाळू वाढायची. अधूनमधून दुपारी ते काकूंचे ढगळ झालेले गाऊन आणखी इंचभर आत घेऊन द्यायचे.

"कधी नेताय हो?" काकू विचारायच्या.

"थांब गं. मध्येच हातातून सुटलीस तर?"

सात महिन्यांनी अठ्ठावन्न किलोंची पिशवी कुठेही न टेकता खाली जाऊन वर आली. आजारपणाआधी काकूंचं वजन तेवढंच होतं. काका आनंदाने आत आले, पाय रोवले, श्वास भरून घेतला आणि काकूंना उचललं.

"अगंबाई, केवढी ताकद कमावलीत!" काकू हरखून म्हणाल्या. "जड नाही ना लागत मी?"

काका त्यांना घेऊन जिन्याकडे निघाले.



एवढी वाळू तर ते तिसऱ्या महिन्यातच उचलत होते.