वहिनीमार्फत
"त्याला सांग, असल्या मारामाऱ्या बघायला आपण काही रिकामटेकडे नाही," थोरला म्हणाला. सोफ्याला ठोकायचे खिळे तोंडात धरलेले असल्याने हे वाक्य ओठांच्या एका कोपऱ्यातून बाहेर पडलं.

धाकटा भाऊ त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला कापड ताणत बसला होता. दोघांमध्ये अंतर एका सोफ्याचं, आणि तोही दोन माणसांचा. तरी थोरल्याच्या बायकोने मान वळवली आणि निरोप पोचवला. "भावजी, हे म्हणतात, सवड मिळाली तर बघू."

थोरल्याचा एक खिळा घशात जाता जाता राहिला.

"वहिनी, दादाला सांगा, त्याला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही."

"अहो, भावजी म्हणतात, तुम्ही शेजारी असलात म्हणजे नीट समजावून सांगाल."

खरं तर ओ की ठो तिघांनाही कळत नव्हतं. पण दोन महिने या मॅचच्या पोस्टरांमुळे गावातली एकही भिंत मोकळी नव्हती. एका बॉक्सरचं नाव रणगाडा, दुसऱ्याचं वीज. दोघांनी एकमेकांना दवाखान्यात पाठवायच्या शपथा इतक्या तपशिलात घेतल्या होत्या की फक्त खाटेचा नंबर सांगायचा राहिला होता. थोरल्याचं म्हणणं, वरून एवढी चकाकी म्हणजे आत भुसा. धाकट्याचं म्हणणं, भुसा आहे की कापूस, ते उसवल्याशिवाय कळत नाही. सोफे शिवणाऱ्यांच्या घरात वाद असाच चालायचा, आणि तोही वहिनीमार्फत.

दोन वर्षांपूर्वी लेक लग्न होऊन लांब गेली आणि वहिनीला घर खायला उठलं. दिवसभर ती वरच्या खिडकीशी बसून राही. ताट जसंच्या तसं परत जाई. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, नेमकं तेव्हाच या दोघांचं बिनसलं. कारण काय, तर हातोडी जागेवर ठेवली नाही. सख्ख्या भावांचा अबोला, तोही एका हातोडीवरून. कारखाना ठप्प झाला, तेव्हा वहिनीला जिना उतरून खाली यावं लागलं. "कात्री दे" पासून "गिऱ्हाईक आलंय" पर्यंत सगळं तिच्या तोंडून जाऊ लागलं. रडायलासुद्धा सवड उरली नाही.

आता ती नुसत्या बोटांनी कापड चाचपून त्याची जात सांगे, गिऱ्हाइकांची थट्टा करी. सल एकच होता. पुढच्या महिन्यात लेक बाळाला घेऊन येणार होती. आजोबा आणि चुलत आजोबा भिंतीकडे बघून बोलतात, हे त्या लेकराने बघायचं? त्याआधी हे दोघं बोलायला हवेत, एवढाच तिने ध्यास घेतला होता.

वर स्वयंपाक करताना तिला शेजारच्या कुलपवाल्याचा रेडिओ ऐकू येई. जमिनीतून शब्द कळत नसत, पण दोन पुरुष गप्पा मारत, खिदळत. आपल्या घरातले हे दोघं असे कधी बोलणार, असं तिच्या मनात येई. कार्यक्रम नीट ऐकावा म्हणून ती चपला वाजवत खाली उतरू लागली की तो नेमका संपे. नशीबच तसं.

शेवटी मॅचचा मुहूर्त साधायचा, असं तिने ठरवलं. थोरल्याला सांगितलं, भावजी तुमच्याशिवाय बघणार नाहीत म्हणतात. धाकट्याला सांगितलं, तुम्ही नसलात तर हे टीव्ही लावणार नाहीत. दोघेही इतक्या चटकन तयार झाले की तिला स्वतःच्या थापांचं कौतुक वाटलं. मग दोघांनी वरचा टीव्ही त्या अरुंद जिन्यावरून खाली कारखान्यात आणला. एक शब्द न बोलता, आणि एक ओरखडा न पाडता.

संध्याकाळी दिवे, धूर, तुताऱ्या असा थाटमाट पडद्यावर सुरू झाला. घंटा वाजायला अजून अवकाश होता, तोच वहिनी चहाचं निमित्त करून वर गेली. बेत साधा होता. निरोप्याच जागेवर नसला तर माणूस गप्प तरी किती वेळ बसेल?

चहा झाल्यावर तो सांडू नये म्हणून ती अनवाणीच खाली निघाली आणि जिन्याच्या मध्यावर थांबली. खाली घंटा वाजली. मग कोणीतरी मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजले. संपलं. दोन महिन्यांचा डांगोरा आणि चहावर साय धरायच्या आत निकाल.

कोणीतरी टीव्ही बंद केला आणि खाली सगळं चिडीचूप. बोला, ती मनात म्हणाली. आता तरी बोला.

तेवढ्यात मेला तो कुलपवाल्याचा रेडिओ सुरू झाला. तेच दोन पुरुष, तेच खिदळणं. ती चडफडली. मग तिला आठवलं, कुलपवाला तर दुपारीच दुकान बंद करून मेव्हण्याकडे मॅच बघायला गेला होता.

आज शब्दही कळत होते.

"दादा, निघाला की रे भुसा. आता आपणही मिटवून टाकू. वहिनी हसतात, पोटभर जेवतात. बऱ्या झाल्यात त्या."

"इतक्यात नको. नातू येऊन परत गेला की ती पुन्हा खिडकी धरेल. तेवढे दिवस जाऊ देत. आणि चपला वाजल्या की तोंड पाड, मघाशी हसत होतास."

वहिनी पाऊल न वाजवता वर गेली, पायांत चपला घातल्या, आणि चांगल्या फटाफट वाजवत जिना उतरू लागली.