तटावरची गोष्ट

पन्हाळ्यावर पर्यटकांना गड फिरवून दाखवणाऱ्या नवऱ्याबरोबर विद्याश्री लग्नाला वीस वर्षं झाल्यावर आज पहिल्यांदा हौसेनं निघाली.

तटाच्या टोकाला तिच्या नवऱ्यानं, प्रभुलिंगनं, आवाज खाली आणला. "पावणं, हितं एक पोरगी दीस मावळंपतोर वाट बघत बसलीती. त्यो काय आला न्हाय. मग तिनं त्यानं जत्रंत घेतलेल्या बांगड्या दरीत भिरकावल्या, आन् गप बापानं बघितलेल्या घरी नांदाय गेली."

एका बाईनं डोळे टिपले. "कुठल्या काळातली हो ही?"

"लई जुनी. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगत्यात की."

सगळे हळहळत पुढं निघाले.

*

विद्याश्रीनं ती गोष्ट आजवर एकाच माणसाला सांगितली होती, लग्न झाल्या वर्षी, कुणाला सांगू नको म्हणून स्वतःच्या गळ्याची शपथ घालून.